चिंबोरीचा चौथा गिअर

दौलत तरेच्या पोरीची वरात निघाली होती आणि बेंजोवाला असा रंगात आला होता की लग्नात धवले म्हणणाऱ्या म्हाताऱ्या धवलारणींनीसुद्धा पदर खोचले होते. वरातीच्या मधोमध नेहमीप्रमाणे केसरीनाथ मढवीची लाल, उघडी, दोन शिटांची विलायती गाडी. मागं, घडी घालून ठेवलेल्या टपावर नवरा-नवरी बसलेली. पुढच्या एका शिटावर करवली. आणि चाकाशी पांढरा शर्ट, पांढरी टोपी घातलेला केसरीनाथ, चेहरा असा गंभीर की बघणाऱ्याला वाटावं, लग्न याचंच आहे. गोदामांच्या रांगेसमोर बेंजोनं ठेका बदलला, पोरं रस्त्यात लोळायच्या बेतात आली आणि गाडीच्या बॉनेटखालून आवाज आला, खाट्! मग पांढरी वाफ. मग काहीच नाही.

बेंजो थांबला का? छे! लोकांना वाटलं, दौलतनं यंदा धूरपण मागवलाय. शिट्ट्या पडल्या. कोणीतरी ओरडलं, "दौलतशेठ, खर्च केलास हां!" केसरीनाथ एकटा खाली उतरला, बॉनेटवर हात ठेवला आणि भाजला म्हणून झटकन उचलला. हात भाजल्याचं त्याला काही नव्हतं. गाडी गेली, एवढंच त्याला कळलं होतं. राहिलेली वरात पोरांनी ढकलत नेली. नवरी हसून हसून टपावरून घसरायला आली. केसरीनाथ चाक धरून बसला होता आणि साऱ्या मांडवात तोंड पाडून जेवलेला तो एकटाच माणूस होता.

हे दोन हजार चार सालातलं, मे महिन्यातलं.

त्या गाडीला भिवंडीजवळच्या राहनाळात कोणी तिच्या विलायती नावानं हाक मारली नाही. तिचं नाव चिंबोरी. लाल, चपटी, जमिनीला टेकलेली, दिव्यांचे दोन डोळे वर काढलेली आणि चिखलातल्या खेकड्यासारखी सरपटत चालणारी, मग दुसरं काय म्हणणार? आता तुम्ही विचाराल, अशी गाडी सरपटत कशाला चालेल? ती तर पळायसाठी बांधलेली. अहो, तीच तर सगळी गंमत आहे. ही गाडी केसरीनाथच्या दारात सव्वीस वर्षं होती आणि सव्वीस वर्षांत तो तिला पाण्यावर निघालेल्या बैलाच्या चालीपुढं एक पाऊलही घेऊन गेला नव्हता. शपथ होती त्याला. बायकोची.

तरुणपणी केसरीनाथ म्हणजे वारा होता. शर्यतीचा छकडा हाकावा तर त्यानं. पारवा आणि बिजल्या अशी त्याची जोडी. माघात भाताची शेतं सुकली की खाडीकाठच्या गावांत शर्यती लागायच्या, आणि हा पठ्ठ्या छकड्यावर उभा राहून, मान एका बाजूला वाकडी करून, डोळे बारीक करून असा सुटायचा की बांधावरची माणसं ओरडायचं विसरायची. काल्हेरच्या बायजानं त्याला पहिल्यांदा बघितलं ते असंच, बांधावरून. घरच्यांनी तिच्यासाठी दुसरं स्थळ आणलं होतं. चांगलं होतं म्हणे, मिठागराचं. ते तिनं न बघताच परत लावलं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या माघात छकड्याचं चाक निखळलं. केसरीनाथ खाली, छकडा वर. मांडीचं हाड मोडलं. बायजा तेव्हा पोटुशी होती आणि त्याच बांधावर उभी होती. तिनं आरडाओरडा केला नाही, छाती पिटली नाही. सहा महिने त्याची सेवा केली आणि तो काठी टेकत चालायला लागल्याबरोबर त्याला एसटीत घालून वज्रेश्वरीला नेलं. देवीसमोर उभं केलं, त्याचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "बैल पान्यावर जातो ना, ती चाल. तिच्या पुढं एक पाऊल न्हाय. हातात कासरा असो नायतर चाक असो. हिच्यासमोर बोला. ह्या पोराची शपथ."

केसरीनाथ बोलला.

शपथ मोडणारी माणसं असतात. आपल्या ओळखीतच असतात. केसरीनाथ त्यातला नव्हता. सायकलसुद्धा तो अशा चालीनं चालवायचा की ती आडवी पडायची. शेवटी त्यानं सायकल सोडली आणि पायी चालायला लागला.

पण शर्यतीचे बैल दावणीला बांधून त्यांना पाण्यावर नेण्यापलीकडं काही करायचं नाही, हे त्याला बघवेना. तेव्हा आला इद्रीस. इद्रीस भिवंडी शहरातला, कोकणी मुसलमान घरातला. घरात तीन पिढ्यांचे कापडाचे लूम. भाऊ सगळे लूमवर, आणि हा माघ लागला की शर्यतीच्या बांधावर. पारवा-बिजल्यावर त्याचा जीव जडलेला. त्याच्या अब्बांनी कधी काळी मुंबईच्या एका विलायतेला निघालेल्या साहेबाकडून ही लाल गाडी घेतली होती. घरात माणसं अकरा आणि गाडीला शिटं दोन. दर शुक्रवारी कोणी बसायचं यावरून अशी भांडणं व्हायची की अब्बा म्हणाले, "इद्रीस, ही बला घरातून काढ. काय वाटेल ते कर." इद्रीसला जे वाटलं ते त्यानं केलं. बैलांच्या बदल्यात गाडी. सरळ अदलाबदल.

बायजाबाई गाडी बघायला गेली. गाडीभोवती फेरी मारली, आत डोकावली, बराच वेळ डोकावली, आणि मग म्हणाली, "एवढी जमिनीला टेकलेली हाय. पडली तरी कुठनं पडनार? घ्या."

इद्रीस म्हणाला, "एकदम गरीब गाडी आहे, वहिनी." आणि केसरीनाथकडं बघून डोळा मारला.

त्या दिवशी भिवंडीहून राहनाळला गाडी आणायला केसरीनाथला अर्धा दिवस लागला. मागं टेम्पो, ट्रक, हातगाड्या, सगळे शिव्या घालत होते. पण गावात शिरताना कोणाचं तरी लग्न होतं आणि वरात नेमकी त्याच चालीनं चालली होती. झालं! नवऱ्याच्या मामानं चिंबोरी थांबवली, नवरा-नवरीला वर बसवलं, आणि तेव्हापासून चिंबोरी वरातीची झाली. राहनाळात आणि आसपासच्या गावांत चिंबोरीच्या पाठीवर बसून न आलेली सून सापडणं कठीण. केसरीनाथनं त्याचं कधी भाडं घेतलं नाही. हळदीचं जेवण आणि एक नारळ, बस. भातशेतीवर गोदामं उभी राहिली, केसरीनाथच्या जमिनीवरही राहिली, पोट सुखानं भरू लागलं. पण माणूस तोच. पांढरी टोपी, गंभीर चेहरा आणि पहिला गिअर.

एक गोष्ट मात्र तो कोणाला सांगत नसे. दुपारी जेवण झालं की तो गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाई, चिंबोरीत बसे आणि इंजिन बंद ठेवून गिअर टाकी. पहिला. दुसरा. तिसरा. चौथा. चौथा पडला की डोळे बारीक करून थोडा वेळ नुसता बसे. एवढं शपथेत बसत होतं. बंद गाडीला वेग कुठला? पण कधीतरी एकदा, मरायच्या आधी एकदाच, चालत्या गाडीत तो चौथा पडावा, असं त्याला फार वाटायचं. वयाची साठी जवळ आली होती आणि वाटणं कमी होत नव्हतं.

आणि आता इंजिनच गेलं होतं.

इद्रीसचं तोवर अंजूरफाट्याला गॅरेज झालं होतं. टेम्पो-ट्रकची रांग असायची. लूमवर तो कधी बसला नाही तो नाहीच. चिंबोरी दोरीनं ओढून आणली, तेव्हा त्यानं बाकीची कामं बाजूला सारली, इंजिन उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. केसरीनाथ आणि त्याचा मुलगा कुणाल शेजारी उभे. हा तोच कुणाल, ज्याच्यावर ती शपथ होती. आता गोदामांचा कारभार तो बघायचा.

"केसरी, तुला साफ सांगू?" इद्रीस म्हणाला. "ही म्हातारपणानं गेली न्हाय. तू मारलीस."

"मी? अरे, मी तिला फुलासारखी जपली!"

"तेच. अरे बाबा, रेडिएटरला हवा लागते ती गाडी पळते तेव्हा. तू नेतोस बैलाच्या चालीनं, वर पुढं बेंजो पार्टी नाचते. हवा येणार कुठून? उकळून उकळून हेड वाकलंय. रिंगा काजळीनं चिकटल्यात. सिलिंडरला चरे पडलेत. पळायच्या जनावराला दावणीला बांधून खाऊ घातलंस, दुसरं काय."

केसरीनाथनं टोपी काढून हातात धरली.

"आता दोन रस्ते," इद्रीस म्हणाला. "माझ्याकडे एका जुन्या जीपचं डिझेल इंजिन पडलंय. पुढचं थोडं कापून बसवू. दणकट आहे. बेंजोमागं दिवसभर चालव, हूं की चूं करणार न्हाय. पळणार मात्र कधीच न्हाय. नाक जड होईल, बैलगाडीच समज. न्हायतर हिचंच इंजिन बांधायचं. सिलिंडर बोर करू, पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंग. सामान मुंबईत धुंडावं लागेल, वेळ लागेल, पण होईल. फक्त एक आहे. बांधलेलं इंजिन मोकळ्या रस्त्यावर चालवून बसवावं लागतं. रिंगा वेगानं बसतात. तुझ्या त्या चालीनं नेलंस तर पुढच्या लग्नसराईत परत माझ्या दारात."

"मग यात विचार कसला, बाबा?" कुणाल म्हणाला. "आपल्याला लागते कशाला? वरातीला. डिझेल टाका आणि मोकळे व्हा. आणि खरं सांगू? त्या शपथेचं आता काय घेऊन बसलात? मी बाईकवर ऐंशीनं जातो."

"तू गप," केसरीनाथ म्हणाला. "आनि हे आयशीसमोर बोलू नको. तुझ्यावरच हाय ती."

इद्रीसनं ते जीपचं इंजिन चालू करून दाखवलं. डग-डग-डग-डग. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटलं. केसरीनाथनं चिंबोरीकडं बघितलं. बॉनेट उघडं, आतलं सगळं बाहेर काढलेलं, आणि ते दोन डोळे तसेच वर. शपथ एका बाजूला, पोर त्याच बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्याची हौस. याला काय तोलायचं? तो म्हणाला, "टाक डिझेल." आणि त्याला रडू आलं. खरंच आलं. गॅरेजात धूळ फार आहे म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

घरी बायजाबाईनं तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. केसरीनाथनं अर्धी भाकरी खाल्ली आणि हात धुतला. केसरीनाथ मढवीनं भाकरी टाकून उठावं हे त्या घरात एकदाच झालं होतं, मांडीचं हाड मोडलं होतं तेव्हा. बायजाबाईनं विचारलं, "काय ठरलं?"

"डिझेल. पळायची भानगडच न्हाय."

"बरं झालं," ती म्हणाली आणि उरलेली अर्धी भाकरी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरीनाथ नारळ घेऊन गॅरेजला गेला. नव्या इंजिनासमोर फोडायला. बघतो तर काय, दारात रिक्षा उभी आणि रिक्षावाला कपाळाला हात लावून बसलेला. "चाचा, ये अम्मा आपकी है क्या?" तो म्हणाला. "राहनाळ से यहाँ तक हर गड्ढे पे डाँटा मेरे को. स्लो, स्लो, स्लो!"

आत बायजाबाई एका टायरवर बसली होती, हातात चहाचा ग्लास. समोर इद्रीस, मास्तरनं उभं केल्यासारखा.

"इद्रीसभाऊ, खरं बोला. डिझेल टाकल्यावर ही कवा पळंल?"

"कधीच न्हाय, वहिनी."

"आनि हिचंच इंजिन बांधलं तर?"

इद्रीसनं दारातल्या केसरीनाथकडं बघितलं. मग म्हणाला, "पळेल. पळवावीच लागेल."

"मग हिला कापू नका. हिचंच बांधा."

केसरीनाथच्या हातातला नारळ खाली पडायचा राहिला. "अगो बायजे, येरी झालीस काय? आनि शपथ?"

"शपथ कोनी घातली?"

"तू."

"मग सोडवायची कोनी?"

"...तू."

"मग तुमी कशाला अर्धी भाकरी टाकून उठता?" आता तिचा आवाज चढला. "दुपारी शेडमध्ये बसून काय करता, मना दिसत न्हाय काय? घराची मागची खिडकी कोनत्या बाजूला हाय? पयला, दुसरा, तिसरा, चौथा. रोज बघते. आनि चौथ्याला तुमी मान वाकडी करता. छकड्यावर करायचात तशी."

केसरीनाथ लाजला. साठीचा माणूस, दाढी पांढरी, आणि कानापर्यंत लाल झाला. इद्रीसनं तोंड फिरवून पाना शोधायचं सोंग केलं.

"पोर तेव्हा पोटात होता," बायजाबाई हळू म्हणाली. "मी भ्यालेली. आता त्याला मिश्या आल्या. अजून किती भ्यायचं मानसानं?"

पण बायजाबाई म्हणजे बायजाबाई. शपथ अशी गॅरेजात, टायरवर बसून सुटत नसते. जिथं घातली तिथंच सोडवायची. इंजिन तयार झालं की वज्रेश्वरीला जायचं, गाडी घेऊन, नवरा चाकावर. आणि देवीसमोर पाय ठेवेपर्यंत शपथ चालू. म्हणजे चाल कोणती? बैलाचीच.

इद्रीसनं डोक्याला हात लावला. "वहिनी, मेहरबानी करा! ताजं बांधलेलं इंजिन वज्रेश्वरीपर्यंत बैलाच्या चालीनं? वाटेतल्या अंबाडीच्या आधीच जाईल ते!"

"मग टेम्पोवर चढवू," केसरीनाथ म्हणाला.

"टेम्पो पळनार. तुमचा हात चाकावर आनि खालून टेम्पो पळतोय, मग मोडलीच ना?"

अशा वकिलीपुढं कोणाचं काय चालणार? चहा निवला. आणि एकाएकी इद्रीसनं मांडीवर अशी थाप मारली की टेम्पोखाली झोपलेला मिस्त्री उठून बसला. "अरे केसरी! बैलाची चाल पाहिजे ना? मग बैलच लावू की!"

इद्रीसनं बैल कधी सोडले नव्हते. गॅरेजच्या मागं गोठा होता, आणि गोठ्यात होते पारव्याच्या आणि बिजल्याच्या वंशातले दोन खोंड, तसेच तापट, तसेच देखणे.

इंजिन बांधायला दिवाळी उजाडली. इद्रीसनं पिस्टनसाठी मुंबईच्या बाजारात चपला झिजवल्या, एकदा चुकीच्या रिंगा आणल्या, त्या परत करताना दुकानदाराशी कडाडून भांडला आणि शेवटी त्याच्याच दुकानात बिर्याणी खाऊन आला. या सगळ्या महिन्यांत केसरीनाथनं गाडीला हात लावला नाही. दुपारी शेडमध्ये जायचा आणि रिकाम्या जागेकडं बघून परत यायचा.

मग थंडीतल्या एका सकाळी भिवंडी-वाडा रस्त्यानं जे निघालं ते त्या रस्त्यानं आधी कधी बघितलं नव्हतं. पुढं दोन बैल, शिंगांना गोंडे. मागं जू आणि दोरखंड बांधलेली लाल चिंबोरी, पॉलिश केलेली, इंजिन बंद. बॉनेटवर पोतं टाकून बसलेला इद्रीस, हातात कासरा. चाकावर केसरीनाथ, पांढरी टोपी. शेजारी बायजाबाई, हिरवं लुगडं, नाकात नथ, मांडीवर ओटीची परडी. ट्रकवाले हॉर्न मारत होते आणि जवळ आल्यावर हॉर्न मारायचं विसरून बघत होते. गणेशपुरीला आश्रमात निघालेल्या एका गोऱ्या बाईनं जीप थांबवून फोटो काढला. बायजाबाईनं त्यासाठी पदर नीट केला.

अंबाडी नाक्यावर बाजार भरला होता. बैलांना पाणी पाजायला थांबले तर ही गर्दी! एका भाजीवाल्यानं हळहळून विचारलं, "काय वं काका, इंजिन गेलं?"

"गेलं? काय बोलतो!" बायजाबाई फणकारली. "नवीन हाय इंजिन! आजच आनलंय!"

भाजीवाल्यानं बैलांकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि काही न बोलता दोन मुळे तिच्या परडीत ठेवले.

वज्रेश्वरीला पोचायला दुपार झाली. कुणाल बाईकवरून कधीच येऊन बसला होता. देवळाला उंच पायऱ्या. गाडीचं चाक वर नेता येईना, म्हणून केसरीनाथनं किल्ली नेली आणि देवीच्या पायाशी ठेवली. इद्रीस खाली बैलांपाशी थांबला. बायजाबाईनं ओटी भरली, नारळ ठेवला, मग कुणालला पुढं ओढलं. सहा फुटी पोराला खाली वाकवलं, एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं केसरीनाथचा हात धरला, तसाच, त्या दिवसासारखा.

"आये," ती देवीला म्हणाली, "मी घातली, मी सोडवते. पोर तुझ्यासमोर उभा हाय, धडधाकट. नवऱ्यानं सव्वीस वर्षं पाळली, एक दिवस मोडली न्हाय. आता सुटली. सुटली. सुटली."

केसरीनाथच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी त्यानं धुळीचं नाव काढलं नाही. कुणालपण नाक ओढायला लागला. बायजाबाईनं त्याला एक धपाटा घातला आणि म्हणाली, "आनि तू. ऐंशीनं जातोस म्हनं? तुझी वेगळी शपथ बघते मी."

खाली इद्रीसनं बैल सोडले होते. किल्ली फिरली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि मग लागलं. काय तो आवाज! डग-डग नाही, खडखड नाही. पोटातून येणारा, भरलेला, गुर्रकन घुमणारा. इद्रीस कान लावून ऐकत राहिला, मग बोट वर करून म्हणाला, "पन्नासच्या वर काटा न्हाय! नवं आहे!" आणि बैल घेऊन पायी परत निघाला.

केसरीनाथनं पहिला टाकला. गाडी निघाली. आणि चालली कशी? पाण्यावर निघालेल्या बैलाच्या चालीनं! पायाला सवयच ती. पाय खाली जाईचना. घाम फुटला त्याला. वळणापर्यंत गेले असतील-नसतील, तोच बाजूनं घुंगरू वाजले, आणि इद्रीसचे दोन्ही बैल डौलानं चिंबोरीला मागं टाकून पुढं गेले. इद्रीस मागं वळून असा हसला की त्याला कासरा सावरता येईना.

"अवो," बायजाबाई म्हणाली, "बैल पुढं गेले."

मग मात्र केसरीनाथला चेव आला. दुसरा. बैल मागं पडले. तिसरा. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, वाऱ्यानं टोपी उडाली ती उडालीच. बायजाबाईनं पदर गच्च धरला. केसरीनाथनं क्लच दाबला, हात खाली आला, आणि सव्वीस वर्षांनी, चालत्या गाडीत, चौथा पडला.

त्याची मान आपोआप एका बाजूला वाकडी झाली.

बायजाबाईनं ते बघितलं आणि ती हसायला लागली. मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता. बांधावरच्या पोरीसारखी. मग पुढं वाकून काट्याकडं बोट दाखवलं. "हितं एकशेवीस लिवलंय. एकशेवीस कवा?"

केसरीनाथनं चमकून बघितलं. "तुला वाचता येतं ते?"

"चौथी शिकलेय मी. ज्या दिवशी घेतलीत त्याच दिवशी वाचलंय."

"अगो, मग 'घ्या' कशाला बोललीस?"

वाऱ्यात बोलायला मोठ्यानं ओरडावं लागत होतं. बायजाबाई ओरडली, "तुमचे बैल चाललेले! पळनारं काय तरी दारात असू दे, म्हटलं!"

केसरीनाथला पुढचा रस्ता क्षणभर दिसेनासा झाला. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि काटा पन्नासवर धरून ठेवला. अंबाडी नाका कधी आला आणि कधी गेला, कळलं नाही. भाजीवाला हात वर करून काहीतरी ओरडत होता एवढंच दिसलं.

राहनाळच्या फाट्यावर आल्यावर तो नाइलाजानं तिसऱ्यावर आला, मग दुसऱ्यावर. घराच्या दारात गाडी थांबवली, इंजिन बंद करायला किल्लीला हात घातला. बायजाबाई उतरली नाही. नथ वाकडी झाली होती, केस सगळे सुटले होते, तरी ती परडी मांडीवर धरून सरळ पुढं बघत बसली होती.

"उतर ना," तो म्हणाला. "घर आलं."

"इद्रीसभाऊ बैल घेऊन एकलेच येतायत," ती म्हणाली. "एवढा लांबचा रस्ता. त्यांना कोनाची सोबत नको काय? फिरवा गाडी."

केसरीनाथनं गाडी फिरवली.